डॉल्फिन किती जवळून पाहावा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात कोकणातील सहलींविषयी दोन पाने छापली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे डॉल्फिनविषयी आहेत. समुद्र न पाहता ज्यांचे बालपण गेले, अशा आपल्या जिल्ह्यातील माणसांना या प्राण्याची इतकी ओढ असावी याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. नकाशा उघडून पाहिला तर सोलापूर आणि दापोली-दाभोळचा किनारा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. आपल्याकडून सरळ मावळतीकडे निघालेला पक्षी तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर नेमका त्या डॉल्फिनच्या पाण्यावरच पोहोचेल. आलेल्या पत्रांतील सहा पत्रे थोडक्यात देऊन त्यांना उत्तरे देत आहे.

*नोव्हेंबरमध्ये आम्ही दोन कुटुंबे मालवणच्या बाजूला गेलो होतो. सकाळी डॉल्फिन दाखवायला होडीतून नेले. पाण्यावर काळसर पाठ दिसली की आसपासच्या सहा-सात होड्या तिकडे धावत. आमचीही धावत असे. पोहोचेपर्यंत पाठ बुडालेली असे. पाऊण तासात एकही डॉल्फिन धड दिसला नाही आणि मुलगा रडवेला झाला. ‘अजून जवळ घ्या’ असे नावाड्याला आम्हीच सांगत होतो. डॉल्फिन माणसाला भीत नाही असे ऐकले होते, मग तो पळतो का? आणि त्याला जवळून पाहण्याचा योग्य मार्ग कोणता?*
— एक पालक, जुळे सोलापूर

आपण स्वतःकडे बोट दाखवून प्रश्न विचारला आहे, म्हणून मलाही मोकळेपणाने लिहिता येईल. डॉल्फिन माणसाला भ्याला नव्हता. सहा-सात दिशांनी अंगावर येणाऱ्या इंजिनांपासून तो बाजूला झाला होता. त्याचे जग हे मुख्यतः आवाजाचे जग आहे. कोकणच्या किनाऱ्यालगतचे पाणी पुष्कळदा इतके गढूळ असते, की हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटे दिसत नाहीत. अशा पाण्यात डॉल्फिन डोळ्यांवर विसंबून मासा शोधत नाही. तो डोक्यातून अतिशय जलद ‘कट्-कट्’ असे ध्वनी सोडतो, ते माशावर आपटून परत येतात, आणि खालच्या जबड्यातून कानापर्यंत पोहोचलेल्या त्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे आहे, केवढा आहे आणि कोणत्या बाजूला वळतो आहे हे त्याला समजते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर, म्हणजे हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि दूरवर जातो. मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतीसमोर उभे राहून शेजारच्या माणसाशी बोलण्याचा प्रयत्न आपण सर्वांनी केलेला आहे. त्या सकाळी डॉल्फिनची अवस्था तशीच होती, आणि त्याला तर त्याच आवाजातून न्याहारी शोधायची होती, पिल्लू बरोबर असल्यास त्याचा ठावही ठेवायचा होता.

माझीही पहिली सफर आपल्यासारखीच झाली. एका होडीत आम्ही चौदाजण होतो, दहा मिनिटे पाठलाग झाला, आणि हाती लागले ते फेसाचे चार फोटो. दुसऱ्या खेपेस मात्र दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी एका वयस्क मच्छीमाराबरोबर गेले. लांबवर पाठी दिसताच त्याने होडीचा वेग कमी केला, तिला त्यांच्या वाटेच्या बाजूला, समांतर ठेवले, आणि थोड्या वेळाने इंजिन न्यूट्रलला टाकून नुसता बसून राहिला. मी दोनदा विचारले, ‘पुढे जायचे नाही का?’ त्याने मानेनेच नाही म्हटले. सात-आठ मिनिटे काही घडले नाही. नंतर होडीच्या उजव्या अंगाला, वल्ह्याच्या टोकाच्या जरा पलीकडे, आधी लांबट चोच पाण्याबाहेर आली, मग ओल्या पाटीसारखी करडी पाठ, पाठीवर खिलार बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा आणि त्या उंचवट्यावर बसवल्यासारखा छोटा पर. पराच्या मागच्या कडेला करवतीने घेतल्यासारखी एक खाच होती. सायकलच्या चाकातील हवा एकदम सोडावी तसा श्वासाचा आवाज आला आणि पाठोपाठ माशाचा उग्र दर्प आमच्या तोंडावर आला. तिच्या पलीकडच्या कुशीला चिकटून एक लहान, फिकट पाठ तिच्याबरोबरच वर येऊन तिच्याबरोबरच खाली गेली. होडीत कोणी बोलले नाही. मोबाइल माझ्या हातात होता आणि मी एकही फोटो काढला नाही.

एवढ्या जवळ येण्याचे तिने ठरवले होते, आम्ही नव्हे. आपल्या प्रश्नाचे माझ्याजवळचे मुख्य उत्तर हेच आहे: अंतर ठेवणे आपल्या हातात असते, अंतर मिटवणे डॉल्फिनच्या हातात असते.

व्यवहारात याचा अर्थ असा, की होडीने सुमारे ५० मीटरवर थांबावे. हे अंतर पाण्यावर चटकन लक्षात येत नाही, म्हणून एस.टी.च्या चार बसगाड्या एकामागे एक उभ्या केल्याचे डोळ्यांपुढे आणावे. डॉल्फिन ज्या दिशेने जात असतील त्या दिशेला आडवे जाऊ नये, समोरून भिडू नये आणि कळपाच्या मधून तर होडी कधीही नेऊ नये, कारण माय-लेकरांची ताटातूट तशीच होते. एका कळपाजवळ आधीच दोन होड्या असतील तर तिसरीने लांब थांबून आपली पाळी येण्याची वाट पाहावी, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी कोणीही असो, तेथून निघावे. जवळ आलेला डॉल्फिन होडीबरोबर पोहू लागला, तर वेग आणि दिशा न बदलता चालत राहावे. अचानक वळल्यास पंख्याचे पाते त्याला लागू शकते.

थोड्याशा त्रासाने एवढ्या मोठ्या प्राण्याचे काय बिघडणार, असे पुष्कळांना वाटते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे या उपसागरात याचा दीर्घकाळ अभ्यास झालेला आहे. तेथील एका पट्ट्यात पर्यटकांना डॉल्फिन दाखवणारे परवानाधारक एकाचे दोन झाले, तेव्हा तेथे दिसणाऱ्या डॉल्फिनची संख्या सातात एक या प्रमाणात कमी झाली. हा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर तेथील सरकारने दुसरा परवाना काढून घेतला. तेथे प्रश्न एका जादा परवान्याचा होता. आपण एका सकाळी, एका कळपाभोवती सहा-सात होड्या पाहिल्या आहेत.

नावाड्याला दोष देऊन मात्र आपली सुटका होत नाही. त्याच्या होडीत बसलेली माणसे पाचशे मैलांवरून आल्यासारखी उतावीळ असतात, डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत मागतात, आणि शेजारची होडी जवळ गेली की ‘तो बघा कसा गेला’ म्हणून त्याला टोमणे मारतात. होडीत चढण्यापूर्वीच त्याला सांगावे, की आम्हाला पाठलाग नको आहे, लांबून दिसले तरी चालेल, आणि अजिबात दिसले नाहीत तरी ठरलेले भाडे पूर्ण देऊ. एवढे ऐकल्यावर चांगला नावाडी कसा खुलतो आणि समुद्राविषयी काय काय सांगू लागतो, हे मी अनुभवले आहे. आपल्याकडे भिगवणला रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. ‘जरा उडवा ना, फोटो घेतो’ असे नावाड्याला सांगणारे पाहुणे आणि लांब होडी थांबवून दुर्बीण डोळ्यांना लावणारे पाहुणे, यांपैकी कोणाला पक्षी अधिक वेळ दिसतात हे उजनीचे पाणी दरवर्षी दाखवून देत असते.

*मी सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. सहलीत मुलांनी पाहिलेला डॉल्फिन टीव्हीवरल्यासारखा उड्या मारत नव्हता, रंगही मळकट होता. ‘बाई, हा खरा डॉल्फिन नव्हेच, हा मोठा मासा आहे,’ असे काहीजण म्हणतात. त्यांना काय सांगू?*
— एक शिक्षिका, बार्शी

मुलांनी जे पाहिले ते नीट पाहिले, याबद्दल त्यांना आधी शाबासकी द्यावी. टीव्हीवर दिसतो तो बहुधा बॉटलनोज जातीचा डॉल्फिन असतो. कोकणच्या किनाऱ्याला अगदी लगत, साधारण २०-२५ मीटरपेक्षा उथळ पाण्यात वावरतो तो मुख्यतः हिंद महासागरातील कुबडा डॉल्फिन होय. त्याचे शास्त्रीय नाव सूसा प्लंबिया. त्यातील ‘प्लंबिया’ म्हणजे शिशाच्या रंगाचा. मुलांना जो मळकट वाटला तोच त्याचा नावाजलेला रंग आहे. मालवणी मुलखातील मच्छीमार त्याला ‘गादा’ किंवा ‘गादो’ म्हणतात. पूर्वी आफ्रिकेपासून चीनपर्यंतचे कुबडे डॉल्फिन एकाच जातीत मोजले जात. २०१४ मध्ये त्यांची फेरमांडणी झाली आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा डॉल्फिन वेगळी जात ठरला. त्याच्या वास्तव्याचा पट्टा किनाऱ्याला धरून अरुंद असा आहे. मासेमारीची जाळी, बंदरे, सांडपाणी आणि होड्यांची वर्दळ हे सारे त्याच पट्ट्यात आहे. म्हणूनच धोक्यातील जिवांच्या जागतिक लाल यादीत त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी आहे. उड्या तो मारतो, परंतु क्वचित. सकाळी तो बहुतेक वेळ बोय, तारली, ढोमा अशा माशांच्या मागे असतो.

तो मासा नाही हे वर्गात फळ्यावर लिहून सांगण्यापेक्षा मुलांना त्यांनीच पाहिलेले आठवायला लावावे. पाठ पुन्हा पुन्हा वर का येत होती? माशाला पाण्यातील प्राणवायू कल्ल्यांतून मिळतो; डॉल्फिनला फुप्फुसे आहेत, नाकपुडी डोक्याच्या माथ्यावर आहे, आणि प्रत्येक श्वासासाठी त्याला आयुष्यभर पाण्याच्या पृष्ठभागावर यावे लागते. शेपूट कसे हलत होते? माशाचे शेपूट उभे असते आणि डावी-उजवीकडे हलते, डॉल्फिनचे आडवे असते आणि वर-खाली हलते. कुबड्या डॉल्फिनची मादी दहा ते बारा महिने गर्भ वाहते, एका वेळी एकच पिल्लू देते आणि त्याला पाण्यातच दूध पाजते. पिल्लू जन्मतःच सुमारे एक मीटर लांबीचे असते. दोन बाळंतपणांत साधारण तीन वर्षांचे अंतर पडते. एक पिल्लू दगावले तर ती भर निघायला किती काळ लागेल, हे गणित सातवीची मुले स्वतः मांडू शकतील आणि मला वाटते ते त्यांच्या लक्षातही राहील.

डॉल्फिन झोपतो कसा, हा प्रश्नही मुले विचारतीलच. श्वास घेणे ही त्याच्यासाठी जाणीवपूर्वक करण्याची क्रिया असल्यामुळे त्याला आपल्यासारखे गाढ झोपून चालत नाही. मेंदूचा एक अर्धा भाग विसावतो तेव्हा दुसरा जागा असतो; नंतर पाळी बदलते.

*उजनीच्या फुगवट्यात पहाटे मोठ्या जनावराची पाठ वर आलेली आम्ही दोघा-तिघांनी पाहिली. गावात डॉल्फिन असल्याची चर्चा आहे. गंगेत असतो तर भीमेत का नसावा?*
— एक शेतकरी, करमाळा तालुका

भीमेत डॉल्फिन नाही आणि पूर्वी होता असा पुरावाही नाही. गंगेतील डॉल्फिन हा गोड्या पाण्यातच राहणारा आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि त्यांच्या उपनद्या हे त्याचे मुख्य घर. भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. गंगेच्या खोऱ्याशी तिचा पाण्याने कोठेच संबंध येत नाही. समुद्रातील डॉल्फिनने वर चढून यावे म्हटले, तर वाटेत धरणांची रांग उभी आहे आणि उन्हाळ्यात आपल्या नदीत गुडघाभर पाणी राहत नाही, हे आपल्यापेक्षा अधिक कोण जाणतो? आपण पाहिलेली पाठ वजनदार कटल्याची असण्याचा संभव मला अधिक वाटतो. पहाटेच्या शांत पाण्यावर तो मासा वर येऊन वळतो, तेव्हा प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठा भासतो. पुन्हा दिसल्यास एकच गोष्ट पाहावी: श्वासाचा फुत्कार ऐकू येतो का. गावातल्या भोई मंडळींना विचारल्यास तेही खात्रीने सांगतील.

गंगेच्या डॉल्फिनविषयी मात्र आवर्जून सांगावेसे वाटते. तो जवळजवळ आंधळा असतो आणि गढूळ नदीत केवळ प्रतिध्वनीवर जगतो. सम्राट अशोकाने ज्या प्राण्यांना मारण्यास मनाई केली त्यांची यादी त्याच्या पाचव्या स्तंभलेखात आहे. तीत ‘गंगापुपुटक’ असे नाव येते आणि ते याच डॉल्फिनचे असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. २००९ मध्ये भारत सरकारने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून निवडले. बिहारमध्ये भागलपूरजवळ विक्रमशिला येथे त्याच्यासाठी १९९१ पासून अभयारण्य आहे. उत्तरेच्या यात्रेला जाणाऱ्यांनी तिकडच्या घाटावर थोडा वेळ बसून पाहिले, तर होडीत न बसताही तो दिसू शकतो.

*परदेशात डॉल्फिनबरोबर पोहता येते, त्याला खाऊ घालता येतो, मिठी मारता येते, असे व्हिडिओ मी नेहमी पाहते. डॉल्फिन सतत हसत असतो, म्हणजे त्यालाही ते आवडतच असणार. मी एकवीस वर्षांची आहे, पोहणे उत्तम येते. भारतात अशी सोय कोठे आहे?*
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

अशी सोय भारतात नाही, आणि ती नाही याचा मला आनंद आहे. डॉल्फिनला तलावात ठेवून त्याचे खेळ दाखवणारी केंद्रे उभारू देऊ नयेत, असे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे २०१३ मध्ये सर्व राज्यांना कळवले. दिवसाला कित्येक किलोमीटर पोहणाऱ्या आणि आवाजाने जग पाहणाऱ्या प्राण्याला सिमेंटच्या टाकीत ठेवले, म्हणजे त्याचाच आवाज चारही भिंतींवरून त्याच्या अंगावर परत येत राहतो. आपण पाहिलेल्या व्हिडिओंतील अनेक डॉल्फिन असेच बंदिस्त आहेत. राहिले त्यांचे हसू. ती त्यांच्या जबड्याची ठेवण आहे. आजारी असताना, भुकेले असताना आणि मेल्यानंतरही डॉल्फिनचा चेहरा तसाच हसरा दिसतो. त्या चेहऱ्यावरून त्याच्या मनाचा अंदाज बांधणे म्हणजे त्याच्यावर मोठाच अन्याय करणे होय.

मोकळ्या समुद्रातील डॉल्फिनजवळ पोहत जाण्याविषयीही माझे मत प्रतिकूल आहे, आणि ते केवळ भीतीपोटी नाही. हवाई बेटांजवळचे स्पिनर डॉल्फिन रात्री खोल समुद्रात शिकार करतात आणि दिवसा उथळ उपसागरात विश्रांती घेतात. पर्यटक नेमके त्याच वेळी त्यांच्याबरोबर पोहायला उतरत. रोजची झोप अशी मोडत गेल्याने अखेर अमेरिकेच्या सरकारने २०२१ मध्ये तेथे ५० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ४५ मीटरच्या आत जाण्यास बंदी घातली. खाऊ घालण्याची कथा याहून वाईट आहे. ऑस्ट्रेलियात मंकी मिया येथे किनाऱ्यावर येणाऱ्या डॉल्फिन माद्यांना पर्यटक मासे भरवत असत. त्या माद्यांची पिल्ले इतरांच्या पिल्लांपेक्षा अधिक दगावतात असे आढळले, कारण आई खाऊसाठी उथळ पाण्यात ताटकळे आणि पिल्लू दूध व राखण या दोन्हींना मुके. १९९० च्या दशकात तेथे कडक नियम आल्यावर परिस्थिती सुधारली.

आपल्या सुरक्षिततेचेही सांगते. आपल्या किनाऱ्यालगतच्या कुबड्या डॉल्फिनच्या मादीची लांबी पुरुषभर उंचीपेक्षा जास्त असते आणि वजन दोनशे किलोच्या घरात जाऊ शकते. तिच्या शेपटीचा फटका बरगडी मोडण्यास पुरेसा आहे. १९९४ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर तियाओ नावाने ओळखला जाणारा एक एकटा डॉल्फिन माणसांत मिसळत असे. लोक त्याच्या पाठीवर बसत, त्याला ओढत आणि छळत. त्याने अनेकांना जखमी केले आणि एका माणसाचा त्यात मृत्यू झाला. शिवाय डॉल्फिनच्या श्वासातून आणि स्रावांतून काही जंतू माणसात येऊ शकतात, आणि माणसाचे त्याच्यात. गुरांतील ब्रुसेला हा जंतू आपल्या घरच्यांना ठाऊक असेल. त्याचाच एक भाऊबंद डॉल्फिनमध्ये आढळतो.

तुमची पोहण्याची हौस खरी आहे आणि ती पुरवण्याच्या जागाही आहेत. डॉल्फिनसाठी मात्र होडीतच बसा. तिथून तो जसा आहे तसा दिसेल.

*गुहागरच्या वाळूवर एक डॉल्फिन येऊन पडला होता. जिवंत होता. लोकांनी शेपटीला दोर बांधून त्याला पाण्यात ओढले, लाटेने तो परत आला, संध्याकाळी मेला. आम्ही नुसते पाहत राहिलो. काय करायला हवे होते?*
— एक वाचक, मंगळवेढा

आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मला पुष्कळ वेळ छळत राहिले. ओढणारे वाईट हेतूने ओढत नव्हते, तरी शेपटीला धरून ओढल्याने मणका आणि सांधे दुखावतात, आणि आजारी प्राणी पाण्यात ढकलला की बहुधा बुडतो. डॉल्फिन किनाऱ्याला लागतो तो सहसा आजारपणामुळे, जखमेमुळे, जाळ्यात गुंतून थकल्यामुळे किंवा वाट चुकल्यामुळे.

पहिली गोष्ट म्हणजे वनविभागाला कळवणे. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा मदतक्रमांक आहे आणि किनारी भागात त्याच विभागाच्या कांदळवन कक्षाची माणसे अशा प्राण्यांसाठी धावून येतात. ती येईपर्यंत प्राण्याला पोटावर, पाठ वर अशा स्थितीत ठेवावे आणि दोन्ही बाजूंच्या परांखाली वाळूत छोटे खळगे करावेत, म्हणजे ते दुमडणार नाहीत. उन्हात त्याची कातडी काही वेळातच भाजते. अंगावर ओले कापड पसरावे आणि त्यावर सतत पाणी शिंपडत राहावे. या कामाला आपली सोलापुरी चादर उत्तम, कारण ती जाड असते, पाणी धरून ठेवते आणि वाऱ्याने उडत नाही. सहलीला निघताना गाडीत एखादी असतेच. माथ्यावरची नाकपुडी मात्र कापडाने झाकू नये आणि तिच्यात पाण्याचा किंवा वाळूचा कणही जाऊ देऊ नये. गर्दी आणि कुत्री लांब ठेवावीत, मोठ्याने बोलू नये, सेल्फीसाठी कोणालाही जवळ येऊ देऊ नये. एवढे करणाऱ्यांपैकी एक जण जरी त्या दिवशी तिथे असता, तरी प्राणी वाचलाच असता असे नाही. परंतु त्याचे शेवटचे तास कमी यातनांचे झाले असते.

मेलेल्या डॉल्फिनलाही उघड्या हातांनी शिवू नये. डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असल्यामुळे त्याचा दात किंवा हाड ‘आठवण’ म्हणून घरी आणणे हाही गुन्हा ठरतो. याच संदर्भात मच्छीमारांचे एक ऋण नोंदवले पाहिजे. २०१८ च्या अखेरीपासून, जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्र शासन २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते, आणि या योजनेतून कासवे, देवमुशी (व्हेल शार्क) आणि डॉल्फिन समुद्रात परत गेले आहेत. भर समुद्रात स्वतःच्या जाळ्यावर सुरी चालवणे सोपे नसते.

*माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांना डॉल्फिन दाखवायचा आहे, पण गुडघ्यांमुळे होडीत चढणे जमणार नाही. कोणत्या महिन्यात आणि कोठे न्यावे?*
— एक वाचक, अक्कलकोट

गड्ड्याची यात्रा आटोपली, की जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस मला सर्वांत चांगले वाटतात. हवा कोरडी असते, सकाळचा समुद्र सपाट असतो आणि सोलापूरच्या माणसाला घामाने जीव नकोसा होत नाही. जून ते ऑगस्ट हे महिने तर सोडूनच द्यावेत. समुद्र खवळलेला असतो आणि पर्यटकांच्या होड्या बंद असतात.

होडी नको असेल तर अजिबात नको. कुबडा डॉल्फिन किनाऱ्याच्या इतक्या जवळून जातो, की दापोली तालुक्यातील मुरूड-कर्दे-लाडघरच्या किनाऱ्यावरून किंवा दाभोळच्या बाजूला एखाद्या उंचवट्यावरून तो नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो. मात्र त्यासाठी दोन-तीन सकाळी हाताशी ठेवाव्यात. सूर्य उगवल्यानंतरच्या दोन तासांत, पाठीवर ऊन घेऊन बसता येईल अशी जागा निवडावी; तिकडे समुद्र पश्चिमेला असल्याने सकाळी ऊन डोळ्यांवर येत नाही. सासूबाईंसाठी पाठ असलेली खुर्ची, डोक्याला पदर किंवा टोपी, थर्मासमध्ये चहा आणि शक्य असल्यास एक साधी दुर्बीण बरोबर असावी. त्यांना सांगावे, की पाण्याकडे टक लावून एका जागी पाहू नका, कुरव आणि सुरय हे पांढरे पक्षी कोठे घिरट्या घालून पाण्यावर झेपावत आहेत ते शोधा, कारण मासे वर आलेले असतात तेथेच डॉल्फिनही असण्याची शक्यता असते. पाठ एकदा दिसली की ती बुडाल्यावर नजर तिथेच न ठेवता, ज्या दिशेला ती जात होती त्या दिशेला थोडी पुढे ठेवावी. अर्ध्या-एक मिनिटात ती पुन्हा वर येते, आणि वारा पडलेला असेल तर श्वासाचा आवाज किनाऱ्यापर्यंत ऐकू येतो.